वाघाची वर्दी: चंद्रपूर-गडचिरोलीतून यंत्रनीतीचा आढावा

प्रश्न वेशीवर आला

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या सीतारामपेठ गावाच्या वेशीवर २०२३ मध्ये खांबांवर कॅमेरे बसले. वाघ गावाकडे येऊ लागला की कॅमेऱ्यामागची संगणकप्रणाली चित्र तपासते, हा वाघच आहे असे ठरवते आणि गावाला व वनकर्मचाऱ्यांना वर्दी देते. वर्तमानपत्रांनी तिला ‘आभासी भिंत’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. २०२४ मध्ये राज्याने पोलिसी कामासाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची संस्था नागपुरात उभी केली. तिच्या मदतीने विदर्भातल्या व्याघ्रप्रकल्पांलगतच्या गावांत असे कॅमेरे मोठ्या संख्येने बसवण्याची योजना २०२५ मध्ये जाहीर झाली. एका गावातला प्रयोग आता धोरण होऊ पाहतो आहे. यंत्राने घेतलेल्या निर्णयाला बरे-वाईट म्हणता येते का, येत असेल तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न मराठीत आजवर बहुधा चालकाविना धावणाऱ्या मोटारींच्या निमित्ताने चर्चिला गेला. चंद्रपूर-गडचिरोलीत त्याला धानाच्या बांधीचा, मोहाच्या झाडाखालच्या पहाटेचा आणि तेंदूच्या फडाचा संदर्भ मिळाला आहे. त्या संदर्भात ही चर्चा कुठवर आली आहे, हे इथे पाहायचे आहे.

संघर्षाचे आकारमान आधी ध्यानात घेतले पाहिजे. महाराष्ट्रातल्या वाघांची संख्या २०१८ च्या अंदाजात ३१२ होती, २०२२ च्या अंदाजात ती ४४४ झाली. ताडोबा-अंधारीचे क्षेत्र गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे, पण चंद्रपूरचे पुष्कळ वाघ या सीमेबाहेर, ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर वनविभागांच्या साध्या जंगलात राहतात. शेत, कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राचा परिसर यांच्या कडेकडेनेही त्यांची ये-जा असते. २०२२ या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत पन्नासाहून अधिक माणसे मेली. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि वाघाच्या एकाच हल्ल्यात तिघींचा जीव गेला. त्या एका महिन्यात जिल्ह्यातल्या बळींची संख्या दहाच्या घरात पोहोचली. हे मृत्यू कधी आणि कुठे होतात याचा एक ठरलेला माग आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना, मे महिन्यात तेंदू तोडताना, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) काढताना किंवा गुरे चारताना, आणि वर्षभर सरपण गोळा करताना माणसे मरतात. घरात झोपलेला माणूस क्वचित मरतो. यंत्राच्या नैतिकतेचा विचार करताना हा माग पुन्हापुन्हा आठवावा लागेल.

चर्चेची मागची वाट

‘यंत्रनीती’ या विषयाचा उगम बहुतेक जण आयझॅक आसिमोव्हच्या १९४२ मधल्या कथेपर्यंत नेतात. यंत्रमानवासाठीचे त्याचे तीन नियम त्या कथेत पहिल्यांदा स्पष्ट मांडले गेले. ते नियम अपुरे कसे पडतात हे दाखवण्यासाठीच त्याने पुढच्या कथा लिहिल्या, ही गोष्ट मात्र मागे पडते. अधिक गंभीर सुरुवात जोसेफ वायझेनबाम या संगणकशास्त्रज्ञाची आहे. त्याने १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा माणसाशी साध्या वाक्यांत संवाद करणारा प्रोग्रॅम जाहीर केला आणि लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागलेले पाहून तो अस्वस्थ झाला. दहा वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात त्याने भूमिका घेतली, की काही निर्णय यंत्राला जमू शकले तरी त्याच्याकडे सोपवू नयेत. याच सुमारास तत्त्वज्ञानात फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेला, रुळावरून सुटलेल्या ट्रॉलीचा पेच गाजत होता: पाच जणांना वाचवण्यासाठी एकाचा जीव घ्यावा का? अर्ध्या शतकानंतर चालकविरहित मोटारींनी तोच पेच पुन्हा चव्हाट्यावर आणला. मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी जगभरातल्या लोकांकडून असे सुमारे चार कोटी निर्णय गोळा केले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राण्याआधी माणूस, थोड्यांआधी पुष्कळ, म्हाताऱ्यांआधी तरुण असा सर्वसाधारण कल दिसला, पण त्याचे प्रमाण देशोदेशी बरेच बदलत होते.

या मोठ्या परंपरेतून आपल्याला सर्वाधिक उपयोगी पडते ते जेम्स मूर यांचे २००६ मधले वर्गीकरण. काही यंत्रांच्या केवळ असण्याने माणसांचे भलेबुरे होते. काहींच्या रचनेतच सावधगिरी घातलेली असते. काही नैतिक नियमांवर स्वतः हिशेब करतात. आणि चौथा प्रकार पूर्ण नैतिक कर्त्याचा; तो आजवर फक्त माणूस आहे. सीतारामपेठचा कॅमेरा दुसऱ्या प्रकारात बसतो. त्याला दया नाही आणि वाघाविषयी वा माणसाविषयी मत नाही. कोणाला वाचवायचे हे तो निवडत नाही, म्हणून ट्रॉलीचा पेच त्याला लागू होत नाही. तो एवढेच ठरवतो की बोलायचे केव्हा आणि गप्प राहायचे केव्हा. माझे म्हणणे असे आहे की यंत्रनीतीचा खरा गाभा या साध्या ठरवण्यात आहे, आणि मोटारीच्या काल्पनिक अपघातांपेक्षा तो इथे अधिक स्वच्छ दिसतो.

वाघाच्या बाबतीत यंत्र काही आज आलेले नाही. पंजाच्या ठशांवरून होणारी मोजणी मागे पडून ट्रॅप कॅमेरे आले. २०१८ च्या देशव्यापी अंदाजासाठी २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रे मिळाली. त्यांतली ७६,६५१ वाघांची होती. एवढा ढीग माणसाच्या डोळ्यांनी निवडणे शक्य नव्हते, म्हणून प्राणी ओळखणारी आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा करणारी संगणकप्रणाली वापरली गेली. पण चित्रे आणि खुणा आपोआप जमत नाहीत. वनरक्षक आणि वनमजूर पायी फिरून त्या गोळा करतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुढच्या अंदाजासाठी ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात खुणांची पाहणी करत असताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. यंत्राला जे ज्ञान आहे असे आपण म्हणतो, त्याच्याखाली अशा माणसांची पायपीट आहे.

किती खात्री झाल्यावर बोलायचे?

चित्रात वाघ आहे की नाही, याचे उत्तर अशी प्रणाली हो-नाही असे देत नाही. ती शक्यता सांगते. झुडपाआडचा पट्टा, रात्रीच्या अंधारातली पाठ, पळणारे चितळ, पिवळे लुगडे: प्रत्येकाला ती काहीएक आकडा देते. किती आकड्यावर भोंगा वाजवायचा, हे माणूस ठरवतो. पातळी खाली ठेवली तर वाघ सहसा सुटत नाही, पण कुत्र्या-गुरांसाठीही भोंगा वाजतो. वर ठेवली तर गावाची झोप मोडत नाही, पण एखाद्या रात्री वाघ येतो आणि यंत्र गप्प राहते. या दोन्ही चुका एकाच वेळी कमी करण्याला मर्यादा आहेत. कॅमेरा सुधारला, चित्रे वाढली, तरी शेवटी कोणती चूक अधिक सोसायची हे निवडावेच लागते. ही निवड तांत्रिक वाटते, पण तिच्यात एका बाजूला जीव आहे आणि दुसऱ्या बाजूला रोजची झोप, रोजी आणि विश्वास. तिला नैतिक निर्णय म्हणायला मला संकोच वाटत नाही.

याच निर्णयाचे एक जुने आणि उजळ उदाहरण शेजारच्या गडचिरोलीतच आहे, आणि ते संगणकाशिवायचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. डॉक्टर जवळ नाही, दवाखाना दूर, आणि जंतुसंसर्ग झालेले बाळ एक-दोन दिवसांत दगावते. अशा ठिकाणी गावातल्याच, फार न शिकलेल्या बाईने आजार ओळखायचा कसा? यासाठी लक्षणांचा एक नियम तयार झाला: ठरवून दिलेल्या सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की संसर्ग समजून उपचार. हा अक्षरशः कागदावरचा प्रोग्रॅम आहे. त्याने काही निरोगी बाळांनाही आजारी ठरवले, त्यांना इंजेक्शने टोचली गेली. पण आजारी बाळ निसटू नये म्हणून ही चूक समजून-उमजून पत्करली होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला. यंत्रनीतीच्या चर्चेत हे उदाहरण आणायचे कारण त्याचे यश एवढेच नाही. नियम काटेकोर होता, तरी तो चालवणारी बाई गावची होती, तिला नाव होते, आईबापांना ती आधी दवाखान्यात नेण्याचा सल्ला देई आणि त्यांची संमती घेई. नियम चुकला तर कोणाच्या ओसरीवर जाऊन विचारायचे हे सर्वांना माहीत होते. नियम आणि नियमाचा धनी एकाच गावात राहत होते.

भोंग्याच्या बाबतीत ही गाठ सुटते. पातळी ठरवणारा दूरच्या शहरात असतो. त्याला गाव ठाऊक नसते आणि गावाला तो. ‘लांडगा आला रे आला’ या लहानपणीच्या गोष्टीत खोटे ओरडणाऱ्या पोराला शिक्षा मिळते आणि न्याय झाल्यासारखा वाटतो. यंत्र खोटे बोलत नाही. ते चुकते, आणि चार वेळा चुकले की पाचव्या वेळी लोक उठत नाहीत. त्या पाचव्या रात्री वाघ खरोखर आला तर गोष्टीतल्या पोराच्या जागी कोणाला उभे करायचे? अशा प्रसंगी माणसाचे मन कोणत्या दिशेने जाते, हे पुढच्या मतांमधून दिसते.

चार भूमिका

पहिली भूमिका परिणामाची. ती म्हणते, जीव वाचतात का ते पाहा. हातावर पोट घेऊन जगणाऱ्या माणसाला वाघाची आगाऊ खबर मिळत असेल तर नीतीची चर्चा सवडीने करता येईल. या भूमिकेचे वजन कमी लेखू नये. संघर्षात वाघही मरतात: चिडलेल्या गावाकडून, विजेच्या तारेने, रेल्वेखाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये बल्लारशा-गोंदिया मार्गावर चंद्रपूरजवळच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले. तमिळनाडूत मदुक्करईला रुळांवर येणाऱ्या हत्तींची वर्दी देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा २०२४ मध्ये सुरू झाली; अशी व्यवस्था विदर्भातल्या जंगलमार्गांवर का नको, असा प्रश्न या भूमिकेतून सहज निघतो. तिची मर्यादा एवढीच, की परिणाम मोजण्यासाठी आधी काय मोजायचे ते ठरवावे लागते. गावाच्या वेशीवर आलेले वाघ मोजले तर यंत्र यशस्वी दिसेल. पण बहुतेक माणसे वेशीच्या पलीकडे, मोहाखाली आणि तेंदूच्या झुडपांत मरतात. वीज, खांब आणि मोबाइलचे जाळे जिथे आहे तिथे यंत्र उभे राहते. मृत्यू तिथे असतोच असे नाही.

दुसरी भूमिका म्हणते, यंत्र म्हणजे अवजार. कोयत्याला जशी नीती नसते तशी कॅमेऱ्यालाही नसते. ब्रिटिश-अमेरिकी संशोधक जोआना ब्रायसन यांनी २०१० मध्ये हा विचार ठासून मांडला: यंत्रांना नैतिक व्यक्ती मानू लागलो की त्यांचे मालक आणि निर्माते मोकळे सुटतात. मला या म्हणण्यात तथ्य वाटते. पण कोयता चालवणारा हात एकच असतो, आणि इथे हात पुष्कळ आहेत. प्रणाली बनवणारी कंपनी, ती विकत घेणारा विभाग, पातळी ठरवणारा अभियंता, खांब उभा करणारा ठेकेदार, बॅटरी बदलणारा वनमजूर. एकाचाही पूर्ण ताबा नाही आणि एकही पूर्ण बाहेर नाही.

तिसरी भूमिका नेमकी इथून सुरू होते. आंद्रेआस मॅथियास यांनी २००४ मध्ये मांडले, की शिकणाऱ्या यंत्रांमुळे जबाबदारीत पोकळी तयार होते, कारण ते पुढे काय करील हे बनवणाऱ्यालाही पुरते सांगता येत नाही. मॅडेलिन एलिश यांनी २०१९ मध्ये याला एक मार्मिक जोड दिली. मोटारीचा पुढचा भाग धडकेत मुद्दाम चेपेल असा बनवलेला असतो, म्हणजे आतला माणूस वाचतो. स्वयंचलित व्यवस्थांमध्ये त्या भागाची जागा सर्वांत जवळचा माणूस घेतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. व्यवस्था वाचते, दोष त्याच्यावर येऊन चेपतो. चंद्रपूरच्या जंगलात हा माणूस म्हणजे वनरक्षक, वनमजूर आणि गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाची तरुण मुले. हल्ल्यानंतर प्रेताजवळ जमलेल्या जमावापुढे पहिल्यांदा तेच उभे असतात. यंत्र बोलले नाही याचा राग त्यांनी झेलायचा, आणि यंत्र बोलले तेव्हा वेळेवर का पोहोचला नाहीत, याचाही.

चौथी भूमिका पाळतीची आहे, आणि तिचा सर्वांत ठोस पुरावा उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसरातून आला. त्रिशांत सिमलाई आणि केंब्रिज विद्यापीठातले सहकारी क्रिस सँडब्रूक यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा महिने राहून आणि २७० मुलाखती घेऊन केलेल्या या अभ्यासात दिसले, की वन्यप्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे आणि ड्रोन बायकांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले जात होते. जंगलात शौचाला गेलेल्या एका महिलेचे छायाचित्र गावातल्या लोकांच्या मोबाइलवर फिरवले गेले. चिडलेल्या गावकऱ्यांनी जवळचे कॅमेरे फोडले. त्याहून खोल गोष्ट अभ्यासात पुढे येते. बायकांसाठी जंगल ही घरच्या नजरेपासून दूर, मोकळेपणाने बोलण्या-गाण्याची जागा होती. कॅमेऱ्यांच्या भीतीने त्या हळू बोलू लागल्या, गाणे थांबले आणि अनोळखी भागात जाऊ लागल्या. मोठ्याने बोलणे-गाणे हा वाघाला सावध करण्याचा त्यांचा जुना उपाय होता. सुरक्षेसाठी लावलेल्या वस्तूने सुरक्षेचाच एक धागा तोडला. चंद्रपूर-गडचिरोलीत असे घडले आहे असे मी म्हणत नाही. पण इथेही मोह आणि तेंदू वेचणाऱ्यांत बायकाच अधिक आहेत, म्हणून कॅमेरा कुठे लावायचा हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवणे धोक्याचे आहे.

या साऱ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे: माणसे तरी कुठे निःपक्षपाती असतात? पंचनामा लिहिणारा हातही थकतो, घाबरतो, ओळखीच्या माणसाकडे झुकतो. यंत्र निदान रात्रभर जागे राहते आणि जातीवरून, गावावरून भेद करत नाही. हे खरे आहे. पण माणसाच्या चुका विखुरलेल्या असतात, यंत्राची चूक एकसारखी सर्वत्र पसरते. चुकीची पातळी एका प्रणालीत बसली की ती शंभर गावांत एकाच रात्री लागू होते. शिवाय माणसाला ‘का केलेस’ असे विचारता येते, आणि खोटे का होईना, त्याला उत्तर द्यावे लागते. हे विचारता येणे नीतीचा फार मोठा भाग आहे, आणि यंत्राच्या तुलनेतच ते आपल्या इतके लक्षात येते.

माणसाविषयी काय कळते?

इथे या चर्चेचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग येतो. यंत्राला नियम द्यायचे म्हणजे आपण आजवर न लिहिता पाळत आलो ते लिहावे लागते, आणि लिहायला बसले की आपला स्वभाव आपल्यालाच दिसू लागतो.

जगभरच्या प्रयोगात प्राण्याआधी माणूस हा सर्वांत पक्का कल निघाला. वाघांच्या या मुलखात तो तितका सरळ नाही. ताडोबा हे नावच तारू या गावप्रमुखाशी जोडले जाते. आख्यायिका सांगते की वाघाशी झुंजताना तो मेला, त्याला देवपण मिळाले आणि तलावाकाठी त्याचे ठाणे झाले. पौषात तिथे लोक जमतात. मारणारा आणि मरणारा दोघांनाही एकाच श्रद्धेत जागा देणारा हा समाज आहे. त्याच वेळी तो वाघ पकडून न्या म्हणून रस्ताही अडवतो. यात ढोंग नाही. ओट्यावर देव म्हणून पुजला जाणारा वाघोबा आणि मुलाचा जीव घेणारा वाघ यांच्याशी माणूस एकाच वेळी दोन नाती ठेवू शकतो. यंत्राला असे दोन नियम दिले तर ते अडून बसेल. माणूस मात्र त्या विसंगतीसह पिढ्यान्‌पिढ्या जगतो. नीती म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या नियमांची यादी, ही यंत्रनीतीची मूळ कल्पनाच इथे अपुरी पडते.

दुसरी गोष्ट दोषाची. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात तेरा मृत्यूंचा ठपका असलेली टी-१ म्हणजे अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. त्याआधी प्रकरण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात गेले होते, आणि नंतरही वाद धुमसत राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या वडसा भागात पकडलेल्या सीटी-१ वाघावरही तेरा बळींचा ठपका होता. दोन्ही वेळी प्रश्न होता तो ओळखीचा: हाच तो वाघ का? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धतीही आधी प्राण्याची नेमकी ओळख पटवा असे सांगते, आणि पट्टे वाचणारी यंत्रे तिथे खरोखर उपयोगी पडतात. पण ही ओळख आपल्याला इतकी का हवी असते? कारण दुःखाला चेहरा हवा असतो. जंगल तुटणे, गवत कमी होणे, गावाला सरपणाशिवाय दुसरे इंधन न परवडणे ही कारणे तितकीच खरी आहेत, पण त्यांना पिंजऱ्यात घालता येत नाही. वाघाला क्रमांक देऊन आपण त्याला गुन्हेगार करतो, आणि यंत्र चुकले की त्याला चेहरा नसल्यामुळे आपण वनरक्षकाचा चेहरा शोधतो. एलिश यांनी सांगितलेली चेपणारी जागा तंत्रज्ञानाने निर्माण केलेली नाही. ती आपल्या मनात आधीपासून होती, यंत्राने ती फक्त उघडी केली.

तिसरी गोष्ट सर्वांत बोचरी आहे. वर्दी मिळाली की जबाबदारी ऐकणाऱ्याकडे सरकते. ‘वाघ आहे’ असा संदेश मोबाइलवर आल्यानंतरही एखादी बाई मोह वेचायला गेली, तर आपण तिच्या मृत्यूकडे कालच्यासारखे पाहू का? वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये देते. तिने वर्दी ऐकली नाही, हा मुद्दा उद्या त्या फाइलीत येणार नाही याची हमी कोण देणार? ती धाडसापोटी जात नाही. मोहाचा बहर थोडे दिवस असतो, तेंदूचा हंगाम त्याहून कमी, आणि वर्षाचा बराचसा रोख पैसा त्याच दिवसांत हाती येतो. धोक्याची माहिती देणे आणि धोका टाळण्याचे सामर्थ्य देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वस्त झाली की दुसरी द्यायची राहून गेली आहे, हे आपण सहज विसरतो. हे विसरणे यंत्राचे नाही, आपले आहे.

न सुटलेले

यावर एक उत्तर गडचिरोलीतच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने सुचवले आहे, अर्थात वेगळ्या प्रश्नाच्या निमित्ताने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने अभ्यासगट चालवले, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतले, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ही पद्धत यंत्राच्या बाबतीतही वापरावी, कॅमेरा कुठे आणि भोंगा केव्हा हे ग्रामसभेने ठरवावे, असे म्हणता येते. त्यावर आक्षेप असा, की सर्वसहमती संथ असते, सगळी गावे मेंढा-लेखा नसतात, आणि कित्येक ग्रामसभांत जंगलात जाणाऱ्या बायकांचाच आवाज क्षीण असतो. हा आक्षेप टाळता येत नाही. तरीही पातळी ठरवण्याचे काम संथ असायला हरकत नाही; वर्दी मात्र झटपट हवी. ही दोन कामे एकाच यंत्रात कोंबल्यामुळे पहिले काम झाले आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही.

बाकी प्रश्न तसेच पडून आहेत. कॅमेऱ्यात माणसे टिपली गेली तर ती चित्रे कोणाच्या ताब्यात, किती दिवस राहणार? व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला, पण रानात सरपणाची मोळी घेऊन चाललेल्या बाईला तो कसा वापरता येईल, हे उलगडलेले नाही. यंत्राने न पाहिलेल्या गोष्टींचे काय? २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत रानटी हत्ती आले. त्यांच्याशी कसे वागायचे हे इथल्या माणसांनाही माहीत नव्हते. वाघावर शिकवलेल्या प्रणालीला तर हत्ती म्हणजे काय हेच नव्याने शिकवावे लागेल. जंगल बदलते तेव्हा माणसाला निदान आपल्याला कळत नाही एवढे कळते. हे कळणे यंत्रात कसे आणायचे, यावर जगभर काम चालू आहे आणि ते अपुरे आहे.

आणि अधिकाराचा प्रश्न. वनहक्क कायद्याचे पाचवे कलम हक्कधारकांना आणि ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधतेच्या रक्षणाचा अधिकार देते. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने किती बांबू तोडायचा हे ठरवले, ते सामूहिक हक्काच्या बळावर. वेशीवरच्या खांबावरचे यंत्र किती खात्री झाल्यावर बोलेल, आणि तेंदूच्या दिवसांत ते खांब वेशीवर असावेत की फडाकडे जाणाऱ्या पायवाटेवर, हेही त्या रक्षणात मोडते का, यावर ना वनविभाग बोलतो ना ग्रामसभा. आणि कॅमेऱ्यांची पुढची खरेदी त्याआधी होण्याची शक्यता अधिक आहे.